रात्री अकराची खा-खा आणि चिवड्याचा डबा

मोगरा | सोमवार, रात्री ११:४८

वय ३८, उंची १५८ सेंमी, वजन ७२ किलो. पथ्य सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात दोन किलो उतरलं, त्यानंतर पाच आठवडे काटा हललेला नाही. दिवसभर सगळं नीट पाळलं जातं, गाडी घसरते ती रात्री. अंदाज यावा म्हणून रोजचं खाणं लिहिते.

सकाळी ७ : चहा (अर्धं दूध, दोन चमचे साखर), दोन मारी बिस्किटं
९:३० : पोहे किंवा उपमा, एक बशी
१:१५ : डब्यात दोन पोळ्या, भाजी, काकडी. भात आणि वरण बंद केलंय
५ : नुसता चहा, तसाच
८ : भाज्यांचं सूप आणि कोशिंबीर
११ ते १२ : ओटा आवरून, मुलं झोपल्यावर आधी चिवडा, मग दाणे-गूळ, मग बऱ्याचदा कपभर दूध आणि त्यात बुडवून चार बिस्किटं
झोप १२:३०, उठणं ६

विचारायचं ते असं. रात्रीचं खाणं पूर्ण तोडायचं की त्या जागी काही चालेल? रात्री खाल्लेल्याची चरबी जास्त होते हे खरं का? आणि बाजारात ‘डाएट चिवडा’, ‘बेक्ड’ वगैरे मिळतं ते घ्यावं का? घरात सासूबाई आणि मुलांसाठी चिवडा-फरसाण असतंच, त्यामुळे ‘घरात आणूच नका’ हा सल्ला सोडून सांगा.

---

घडीची_पोळी | मंगळवार, सकाळी ६:५०

आठ वाजता दात घासून टाका. विषय संपला.

---

वाटीभर | मंगळवार, सकाळी ७:३५

दात घासल्याने चाळा थांबतो, भूक थांबत नाही. आणि इथे भूकच आहे, तीही हिशेबात दिसणारी.

तुम्ही दिलेल्या यादीचा ढोबळ हिशेब मांडते. अर्धं दूध आणि दोन चमचे साखर घातलेला चहा साधारण १०० कॅलरी, दोन मारी ५०. पोह्यांची बशी (५० ग्रॅम कोरडे पोहे, दोन चमचे तेल, थोडे दाणे) ३००. डबा ३७०. पाचचा चहा १००. सूप-कोशिंबीर १५०. झाले १०७०. आता रात्रीचं बघा. चिवडा दोन भरलेल्या वाट्या म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास, २९०. दाणे २५ ग्रॅम आणि गूळ १५ ग्रॅम मिळून २००. दूध आणि चार बिस्किटं २००. म्हणजे ६९०. एकूण १७६०.

तुमच्या वयाच्या, उंचीच्या आणि बैठं काम करणाऱ्या बाईचा दिवसाचा खर्च १७५० ते १८०० च्या घरात येतो. काटा का अडकला त्याचं उत्तर इथेच आहे. दिवसा सातशेची बचत होते आणि रात्री ती जशीच्या तशी परत भरली जाते.

पण कॅलरीपेक्षा दुसरा आकडा जास्त बोलका आहे. रात्रीचा भाग सोडला तर दिवसभरात प्रथिनं जेमतेम २५ ते ३० ग्रॅम पोटात जातायत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. तुमच्या उंचीला योग्य असं ५७ किलो वजन धरलं तरी ४७ ग्रॅम होतात, आणि वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर पन्नाशीच्या थोडं वर असलेलं बरं. वरण बंद केलंत तिथेच सात ग्रॅम गेले. भात-वरण या जोडीतला भात कमी करायला हरकत नव्हती, वरणाला शिक्षा का?

दुपारी सव्वाला जेवल्यानंतर रात्री अकरापर्यंत पोटात काय गेलं? दोन चमचे साखर आणि भाज्यांचं पाणी. दहा तास. सूप दीड-दोन तासांत पोटातून पुढे सरकतं. अकराला जे होतं ते मनाचा दुबळेपणा वगैरे नाही, ते राहून गेलेलं रात्रीचं जेवण आहे, फक्त ताटाऐवजी डब्यातून.

बदल असा करून बघा.

पाच वाजता चहा बिनसाखरेचा किंवा अर्ध्या चमच्याचा, सोबत ३० ग्रॅम फुटाणे सालासकट (११० कॅलरी, सहा-सात ग्रॅम प्रथिनं) आणि एक छोटा पेरू. हे खाणं चुकवायचं नाही. रात्रीची खा-खा कमी करणारा सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे. ऑफिसात फुटाणे विसरायला होतं म्हणून महिन्याचा अर्धा-पाऊण किलो एकदमच नेऊन ठेवावा, सोबत छोटी वाटी. पुडीतून खायचं नाही.

रात्री सूपाऐवजी ताट. ज्वारीची एक भाकरी (५० ग्रॅम पीठ, १७० कॅलरी), मटकी किंवा मुगाची उसळ एक मोठी वाटी (४० ग्रॅम कोरडं कडधान्य, एकच चमचा तेल, मिळून १८०), आणि दही घातलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर ५०. चारशेत ताट होतं, प्रथिनं १६ ग्रॅम. सूप आवडत असेल तर आधी प्या, त्याच्या जागी नको.

डब्यात वरणाची वाटी परत आणा, घट्ट, ३० ग्रॅम डाळीची. पोळीला तेल-तूप न लावता आणि भाजीचं तेल दीड चमच्यावर ठेवून डबा ३८० मध्येच बसतो.

सकाळी पोह्यांऐवजी आठवड्यात चार दिवस मुगाची धिरडी. ५० ग्रॅम हिरवे मूग रात्री भिजवून, आलं-मिरची घालून वाटायचे, दोन धिरडी होतात, प्रत्येकी चमचाभर तेल, २६० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. पोहे केलेच तर सोबत उकडलेलं अंडं नाहीतर मोडाचे मूग, मूठभर.

सकाळचा एक चमचा साखरेचा चहा (बिस्किटं वगळून) धरून हे सगळं १३५० च्या आत बसतं. म्हणजे रात्रीसाठी शंभर उरतात, तेही हक्काचे. दिवसाची तूट तीनशे-साडेतीनशेची राहील, आठवड्याला पाव किलोच्या आसपास. घाई वाटत नाही पण हे टिकतं. वजनाचे हे आकडे सुरुवातीचे आहेत. वजन उतरलं की खर्चही थोडा उतरतो, त्यामुळे तीन महिन्यांनी पुन्हा मांडणी करायची.

---

तराजू | मंगळवार, सकाळी ९:१०

वाटीभर यांनी पाया घातलाय, मी डब्याकडे वळतो.

‘डाएट चिवडा’ हा सगळ्यात गोड गैरसमज आहे. हिशेब बघा. नेहमीचा घरचा चिवडा : पाव किलो पातळ पोहे, १०० मिली तेल, १०० ग्रॅम दाणे, १०० ग्रॅम डाळं, ५० ग्रॅम सुकं खोबरं, थोडी पिठीसाखर. सगळं मिळून तीन हजार कॅलरींच्या वर, वजन साधारण ६३० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमला ४९०. आता कमी तेलाचा : तेच पोहे, ३० मिली तेल, ३० ग्रॅम दाणे, ५० ग्रॅम डाळं, खोबरं नाही. एकूण १५००, वजन ३७० ग्रॅम. १०० ग्रॅमला चारशेच्या थोडं वर. २५ ग्रॅमच्या वाटीत फरक पडला तो २० कॅलरींचा! तेल काढलं तरी पोहे उरतातच, आणि सुक्या पोह्यांच्या १०० ग्रॅमला साडेतीनशे असतात. उलट ‘डाएट’ म्हटल्यावर एकाच्या दोन वाट्या होतात आणि गणित नेहमीच्या चिवड्याच्याही पुढे जातं.

विकतच्या पाकिटावर दोन गोष्टी बघायच्या. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेल दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असेल तर ‘बेक्ड’ या शब्दाला अर्थ नाही. आणि पोषणाच्या तक्त्यात १०० ग्रॅमचा रकाना वाचायचा, ‘एका सर्व्हिंगचा’ नाही. सर्व्हिंग २० ग्रॅमची लिहिलेली असते आणि पाकीट दीडशे ग्रॅमचं. डायजेस्टिव्ह बिस्किटांचंही तेच. नाव पचनाचं, १०० ग्रॅमला पावणेपाचशेच्या आसपास कॅलरी.

तरीही घरचा चिवडा कमी तेलात करायचा असेल तर जरूर करा, चवीला काही वाईट होत नाही. फक्त चुका ठरलेल्या आहेत. पोहे मोठ्या आचेवर भाजले तर आकसतात आणि कडा करपतात. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, दोन घाण्यांत सहा-आठ मिनिटं भाजायचे, बोटात धरून मोडले की कुर्रकन तुटले पाहिजेत. मिरच्यांतलं पाणी पूर्ण जाईपर्यंत फोडणीत तळायच्या, नाहीतर चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. तेल कमी असताना हळद लगेच जळते, म्हणून गॅस बंद करून मग हळद. मीठ आणि पिठीसाखर फोडणीत मिसळायची, वरून भुरभुरली तर तेलाअभावी पोह्यांना धरत नाही, सगळी डब्याच्या तळाशी बसते.

घरात डबा राहणारच असेल तर रविवारी काटा घेऊन बसा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा इलेक्ट्रॉनिक काटा फार महाग नसतो. २५-२५ ग्रॅमच्या सहा पुड्या, झिपच्या छोट्या पिशव्यांत किंवा कागदात. त्या तुमच्या. मोठा डबा सासूबाईंच्या ताब्यात, वरच्या फळीवर. मुठीने मोजणं सोडून द्या. पातळ पोह्यांच्या चिवड्याची मूठ पंधरा-वीस ग्रॅमची, शेव-पापडी-गाठ्याची मूठ त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणूनच ‘मूठभरच तर खाल्लं’ हे वाक्य फरसाणाला लागू होत नाही.

आणि शेव, भाकरवडी, चकली रात्रीच्या यादीतून काढा. वाईट म्हणून नाही, आटोपशीर प्रमाण डोळ्याला इतकं थोडं दिसतं की समाधान होतच नाही. भाकरवडीच्या दोन वड्यांत पावणेदोनशेपर्यंत कॅलरी गेलेल्या असतात.

---

मोगरा | मंगळवार, दुपारी २:०५

दोघांचेही आभार, हिशेब वाचून डोळे उघडले. रात्रीच्या शंभरात नेमकं काय बसतं ते सांगाल का? आणि अकराला खरी भूक आहे की सवय, हे त्या क्षणी कसं ओळखायचं? आमचे हे पण सोबत खातात. ते साखरेसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतात. दोघांनीच एकदम बंद केलं तर सोपं जाईल असं वाटतंय.

---

सांजवात | मंगळवार, दुपारी ३:२०

तुमच्या यजमानांचं आधी, कारण ते तातडीचं आहे. त्यांचं रात्रीचं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. गोळीचा डोस ज्या खाण्याच्या सवयीवर बेतलेला आहे ती सवय अचानक तोडली तर साखर पहाटे खाली जाऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तसंच. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी, पण इथे दोन्ही आहेत.

रात्री दोन-तीनला दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, सणसणीत भूक, विचित्र स्वप्नं, सकाळी डोकं जड असं होत असेल तर ग्लुकोमीटरवर त्याच वेळी साखर बघायची. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर (१५ ग्रॅम) पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, ७० च्या वर आली की थोडं टिकाऊ काहीतरी, अर्धी पोळी किंवा दोन बिस्किटं. माणूस गुंगीत असेल, नीट गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. अशा वेळी चॉकलेट, पेढा उपयोगाचा नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते.

डॉक्टरांकडे जाताना चार दिवसांच्या नोंदी न्या : रात्री जेवणानंतर दोन तासांची, झोपतानाची आणि एक-दोनदा पहाटे तीनची. त्या बघून गोळीचा डोस किंवा वेळ ते बदलतील आणि मग चिवडा सोडता येईल. क्रम हा, उलटा नाही.

आता खरी भूक की चाळा. त्या क्षणी स्वतःला फक्त एक विचारायचं : आत्ता दह्यासोबत कोरडी भाकरी दिली तर खाईन का? ‘हो’ असेल तर भूक आहे, खाऊन घ्या, पण बसून आणि ताटलीत. ‘नको, चिवडाच हवा’ असेल तर जीभ बोलतेय. भूक हळूहळू वाढते, पोटात कळते, काहीही चालतं. चाळा अचानक येतो, एका ठरावीक पदार्थाचं नाव घेऊनच येतो आणि वीसेक मिनिटं दुसऱ्या कामात गेली की ओसरतो. तिसरा प्रकार झोपेचा. साडेबाराला झोपून सहाला उठणं म्हणजे साडेपाच तास. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटतं आणि ओढ नेमकी तळकट-गोडाकडेच जाते. अकराला जी ‘भूक’ वाटते ती पुष्कळदा शरीराने झोप मागितलेली असते. पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात भूक खरोखरच वाढते, तेव्हा स्वतःशी भांडू नका. पाचच्या खाण्यात शंभर-दीडशे वाढवा. आणि त्या आठवड्यातलं वजन मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघा, कालच्याशी नाही.

काट्यावरून आठवलं. रात्री खारट खाल्लं की सकाळी अर्धा-एक किलो जास्त दिसतो. ते पाणी असतं, चरबी नव्हे. हे माहीत नसलं की माणूस घाबरून दुसऱ्या दिवशी उपाशी राहतो आणि रात्री पुन्हा डबा. रोज सकाळी एकाच वेळी मोजून सात दिवसांची सरासरी काढली की ही उठाठेव संपते.

---

तराजू | मंगळवार, सायंकाळी ६:४०

रात्रीचे शंभर. ही यादी फ्रिजवर लावण्यासारखी आहे, यातलं रोज एकच.

ताक, २०० मिली : ५० ग्रॅम दही, दीडशे मिली पाणी, जिरेपूड, कोथिंबीर. ३० ते ३५ कॅलरी. दोन ग्लास प्यायलं तरी बिघडत नाही, फक्त मीठ चिमूटभरच.
हळदीचं दूध, १५० मिली, टोन्ड, बिनसाखरेचं : ८५ ते ९०. म्हशीचं किंवा फुल क्रीम घेतलं तर १३० होतं, हे विसरलं जातं.
फुटाणे २५ ग्रॅम : ९०.
उकडलेलं एक अंडं, मिरपूड : ७५.
पेरू किंवा सफरचंद, मध्यम, फोडी करून : ७० ते ८०. फोडी यासाठी की खायला वेळ लागतो.
मखाणे १५ ग्रॅम, अर्धा चमचा तूप : ७५. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, चुरल्यावर पीठ झालं पाहिजे. चिवट राहिले की दुसरी वाटी घ्यावीशी वाटते. तूप आणि तिखट-मीठ शेवटच्या मिनिटाला.
ओली भेळ : चुरमुरे १५ ग्रॅम, कांदा-टोमॅटो-काकडी मिळून १०० ग्रॅम, फुटाणे ५ ग्रॅम, लिंबू, हिरवी मिरची. ९५ ते १०० कॅलरी आणि भांडं भरून. चिंच-गुळाची चटणी आणि वरून शेव पडली की हिचे अडीचशे होतात, भेळ बिघडते ती तिथे.

सुक्या मेव्याबद्दल सावध. दहा बदाम ७० कॅलरी, इथपर्यंत ठीक. पण ‘पौष्टिकच आहे’ म्हणून टीव्हीसमोर बरणी घेऊन बसलं की ५० ग्रॅम सहज जातात, म्हणजे तीनशे. दाणेही तसेच, ३० ग्रॅमला १७०. वाईट काहीच नाही, मोजून खाण्याच्या वस्तू आहेत.

वेळ : सव्वादहा. अकराची वाट बघायची नाही. भूक पेटल्यावर माणूस जे खातो त्याला प्रमाण राहत नाही.

---

खलबत्ता | मंगळवार, रात्री ८:१५

एक मतभेद नोंदवतो. वाटीभर यांचं ताट योग्य आहे, पण आठ वाजता जेवून साडेबाराला झोपणाऱ्याला तेही थोडं कमीच पडेल. साडेचार तासांचं अंतर आहे. ‘सातच्या आत जेवा’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो, त्याचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. सूर्यास्ताच्या आत जेवणाऱ्या घरांत दहाला दिवे मालवलेले असतात. लवकर जेवायचं आणि उशिरापर्यंत जागायचं, हे दोन्ही एकत्र केलं की मधली पोकळी चिवड्याने भरते.

जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तास पुरतात. त्याहून कमी ठेवलं तर आम्लपित्त वर येतं, फार जास्त ठेवलं तर भूक. त्यामुळे पर्याय दोन : जेवण साडेआठ-पावणेनऊला सरकवा, नाहीतर झोप साडेअकराला आणा. शक्य असेल तर दुसरा. झोपेचा एक तास वाढला तर वर सांजवात यांनी लिहिलेला प्रश्नही हलका होतो. पाचचा चहा चालेल, पण संध्याकाळी सातनंतर चहा-कॉफी नको. कॅफीन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात.

तुमचा दुसरा प्रश्न कुणी घेतला नाही. रात्री खाल्लेल्या तेवढ्याच अन्नाची केवळ घड्याळामुळे भरमसाट चरबी होत नाही. दिवसाची बेरीज हाच मुख्य भाग. मात्र संध्याकाळनंतर शरीर साखर सकाळइतकी चांगली हाताळत नाही, हे खरं. म्हणून रात्रीच्या शंभरात बिस्किट-गुळापेक्षा ताक, अंडं, फुटाणे बरे. सव्वादहाला ताक प्यायल्याने काही बिघडणार नाही.

डॉ. दीक्षितांची दोनदाच, ५५ मिनिटांत जेवायची पद्धत पाळणाऱ्यांनी हे वाचून गोंधळू नये. त्या पद्धतीत मधलं खाणं बसत नाही, रात्रीचा पेरूसुद्धा. ती पाळायची तर दोन्ही जेवणं पोटभर आणि प्रथिनांची हवीत. दोन अर्धवट जेवणं आणि अकराला चिवडा ही कुठलीच पद्धत नव्हे.

संकष्टीच्या दिवशी काय करायचं, हा पुढचा प्रश्न येईलच. चंद्रोदय साडेआठ ते साडेनऊच्या पुढे-मागे असतो, तेव्हा सुटणारा उपवास हेच त्या दिवसाचं रात्रीचं जेवण. एक मोदक, वरण, भाजी, पोळी, ताक. दुपारी साबुदाण्याच्या खिचडीची बशी झालेली असेल तर ती चारशेच्या वर गेलेली आहे, हे धरून भात टाळावा.

---

घडीची_पोळी | मंगळवार, रात्री ९:०२

दात घासण्याचा सल्ला मागे घेतो. म्हणजे आठऐवजी साडेदहाला घासा, ताक प्यायल्यावर.

---

रातराणी_हिंजवडी | मंगळवार, रात्री १०:५५

माझी शिफ्ट रात्री ९ ते सकाळी ६. वरचं सगळं मला कसं लागू करायचं? पहाटे तीनला कॅन्टीनचे वडा-सांबार आणि सकाळी घरी जाताना मिसळ, असं चाललंय. झोप ८ ते २.

---

वाटीभर | बुधवार, सकाळी ७:१०

तुमच्या बाबतीत ‘रात्रीचं खाणं’ हे दिवसातलं एक जेवण आहे, ते तोडू नका. फक्त ते कॅन्टीनवर सोडू नका.

उठल्यावर अडीचला पूर्ण जेवण, पोळी-भाजी-वरण-थोडा भात. संध्याकाळी साडेसात-आठला निघण्याआधी भाकरी-उसळ. मध्यरात्री साडेबारा-एकला डबा : दोन पोळ्या आणि अंड्याची भुर्जी किंवा मटकी, सोबत काकडी. पहाटे चारला फळ किंवा ताक. मध्यरात्रीनंतर जड तळलेलं खाल्लं की पाचला डोळे मिटतात आणि ते उघडे ठेवायला पुन्हा चहा. चहा-कॉफी शेवटची दोनला, कारण आठला झोपायचंय.

सहाला सुटल्यावरची मिसळ ही तुमची खरी गळती आहे. तर्री, फरसाण आणि दोन पाव मिळून सहा-सातशे कॅलरी आणि लगेच आडवं होणं, छातीतली जळजळही तिथूनच. घरी पोचून अर्धी वाटी दूध-ओट्स किंवा एक धिरडं, आणि खोलीत अंधार करून झोप. मिसळ सुट्टीच्या दिवशी, जागेपणी, दुपारी.

---

सांजवात | बुधवार, सकाळी ११:२५

मोगरा, तुमच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे म्हणून लिहिते. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्ये रात्री खाण्याच्या विकाराचं वर्णन केलं. आज त्याची खूण अशी धरतात : दिवसाच्या एकूण खाण्याचा चौथा हिस्सा किंवा जास्त रात्रीच्या जेवणानंतर, किंवा आठवड्यात दोनदा तरी झोपेतून उठून खाणं. तुमचे ६९० म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के होतात. पण घाबरू नका, तुमच्याकडे दिवस कापल्यामुळे रात्र फुगलीय. त्या विकारात दिवसा पोटभर मिळूनही हे होतं. सकाळी अन्नावर वासना नसते, झोप मोडते, खाल्ल्याशिवाय पुन्हा लागत नाही, सोबत उदासी असते. वाटीभर यांची मांडणी चार आठवडे नीट करूनही रात्र तशीच राहिली तर मात्र डॉक्टरांना हे शब्द वापरून सांगा.

इतर काही कारणंही तपासायची असतात. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, मिर्टाझापिन, ओलान्झापिन यांनी भूक खूप वाढते. औषध आपल्या मनाने सोडायचं नाही, पर्याय विचारायचा. झोलपिडेम ही झोपेची गोळी घेणारे काही जण झोपेतच उठून खातात आणि सकाळी आठवत नाही. ओट्यावर सांडलेलं दिसलं तर गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा. मध्यरात्री पोटात आग होऊन जाग येते आणि काही खाल्लं की थांबते, असं असेल तर ती भूक नसून अल्सर असू शकतो. थायरॉइडची गोळी रात्री घेत असाल तर शेवटच्या घासानंतर तीन तासांचं अंतर लागतं, मग सव्वादहाचं ताकही जमत नाही. तेव्हा गोळी सकाळी रिकाम्या पोटी, चहाआधी अर्धा ते एक तास.

अंगावर पाजणाऱ्या बायकांना यातलं काहीच लागू नाही. रात्री उठून दूध पाजताना लागणारी भूक खरी असते. उशाशी फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू आणि पाण्याचा तांब्या ठेवावा.

---

मोगरा | बुधवार, रात्री १०:२०

फुटाणे ऑफिसात नेऊन ठेवले. चिवड्याच्या पुड्या केल्या, मात्र काट्यावर २५ ग्रॅम इतके कमी दिसले की दोनदा मोजले. यांच्या डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळालीय, तोपर्यंत त्यांचं खाणं आहे तसंच ठेवतेय आणि साखरेच्या नोंदी घेतोय. एकच विचारायचं राहिलं. भाकरी-उसळ रात्री सगळ्यांसाठी होते, पण मुलांना भात लागतो आणि त्यांच्या ताटातलं उरलेलं ‘टाकायचं कसं’ म्हणून माझ्याच पोटात जातं. ते किती धरायचं?

---

तराजू | बुधवार, रात्री १०:४५

शिजलेल्या भाताचा एक मोठा चमचा १५ ते २० ग्रॅमचा, २० ते २५ कॅलरी. वर वरण-तूप असेल तर ४० धरा. दोन मुलांचं रोजचं उरलेलं मिळून शंभर सहज होतात, म्हणजे तुमचा रात्रीचा हक्काचा वाटाच. ताटं आधी अर्धीच वाढा, मागितल्यावर दुसऱ्यांदा. भांड्यातलं उरलं तर झाकून फ्रिजमध्ये, सकाळी त्याचा फोडणीचा भात मुलांच्या डब्यात. ताटातलं उष्टं उरलंच तर ते मोजून तुमच्या शंभरातून वजा करा, आणि त्या रात्री फक्त ताक.